वर्षभराची वर्गणी, एक कॅसरोल आणि छप्पन्न अंश

नागपुरातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाची मी १ जुलै २०२३ ते ३० जून २०२४ अशी वर्षभराची वर्गणी घेतली होती, तिचा हा अभिप्राय. दैनिकाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिले तर इतर दैनिकांचे वाचक सुटकेचा निःश्वास टाकतील आणि तेवढा अधिकार त्यांना आहे असे मला वाटत नाही. वर्गणी ११९९ रुपये, तीही आगाऊ. मोबदल्यात रोज सकाळी दारात अंक, आणि वर्षाच्या शेवटच्या शंभर दिवसांत, म्हणजे २३ मार्चपासून, आतल्या पानावर येणारी कूपने कापून प्रवेशिकेवर चिकटवली तर एक कॅसरोल. शंभरातली नव्वद कूपने पुरेशी होती. योजनेचे कागद घेऊन आलेल्या मुलाने त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीत वीस घरे केली आणि जाताना मला म्हणाला, "काकाजी, पेपर वाचा नाहीतर नका वाचू, पण कुपनं मात्र सांभाळून ठेवजा." विकणाऱ्याने आपल्या मालाची इतकी प्रामाणिक ओळख करून दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे विभागात आरेखक म्हणून झाली. निवृत्तीनंतर नकाशे सुटले, पट्टी सुटली नाही, त्यामुळे पेपर मी वाचतो तसा मोजतोही. मोठ्या आकाराच्या अंकाच्या पानाला आठ कॉलम असतात आणि छापील उंची साधारण ५२ सेंटिमीटर असते. म्हणजे एका पानावर ४१६ कॉलम सेंटिमीटर जागा. जाहिरातदार याच मापाने जागा विकत घेतो आणि पैन् पैचा हिशेब मागतो. वाचक मात्र बातमी मापून घेत नाही, त्याला ती ढीगभर मिळाली की तो समाधानी असतो.

अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, मुद्रक-प्रकाशकाच्या नावापाठोपाठ संपादकाचे नाव येते आणि त्याला जोडून, पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची, अशा अर्थाची एक ओळ असते. हा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स कायदा १८६७ सालचा. त्यात संपादकाची व्याख्याच मुळी 'वृत्तपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या हाती असते ती व्यक्ती' अशी केलेली होती. लिहिणारा नव्हे, भाषणे देणारा नव्हे, पुरस्कार वाटणारा तर नव्हेच, निवडणारा. १ मार्च २०२४ पासून हा कायदा जाऊन त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला, पण आमच्या अंकाची तळओळ जूनअखेरपर्यंत जुन्याच कायद्याला जबाबदार राहिली. असो. कागद, शाई, छपाई यांच्याविषयी माझी तक्रार नाही, आणि अंक टाकणारा मुलगा तर पावसाळ्यातही सव्वासहाच्या आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला अंक फाटकात खोचून जात असे. मी परीक्षण करतो आहे ते त्या तळओळीत उल्लेखलेल्या मालाचे, म्हणजे निवडीचे.

चांगले आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीने पात्र सोडले आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट या भागांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या अंकात प्रत्येक वस्तीचे नाव होते, कुठे किती फूट पाणी चढले ते होते, कोणत्या पुलावरून जाता येत नाही ते होते, आणि एकाही मथळ्यात उद्गारचिन्ह नव्हते. मी वस्त्यांची नावे नकाशावर लावून पाहिली. एकही चुकलेली नव्हती. पुढे सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तेव्हाही या दैनिकाच्या न्यायालयीन वार्ताहराने न्यायालय काय म्हणाले आणि शासनाने काय उत्तर दिले एवढेच, साध्या वाक्यांत, वेळोवेळी लिहिले. त्याची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही, त्याचे नावही कधी छापले गेले नाही, पण मी ती शोधून वाचत असे. याउलट त्याच शनिवारी एका वृत्तवाहिनीचा प्रतिनिधी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून परिस्थिती हाताबाहेर गेल्याचे सांगत असताना त्याच्या मागून एक गृहस्थ घोट्याएवढ्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या घेऊन शांतपणे चालत गेले. प्रतिनिधी बहुधा नालीत उभा होता. वाहिन्यांविषयी या अभिप्रायात मी यापुढे काही लिहिणार नाही. त्यांच्याकडे कूपन नसते.

महापुराच्या दिवशी इतक्या शांतपणे लिहिणाऱ्या दैनिकाला इतर दिवशी काय होते, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. शहराच्या पानावर नागपूर सतत हादरत असते. नोव्हेंबरात मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर खुणा करत गेलो. तीस दिवसांत शहर अकरा वेळा हादरले, चार वेळा सुन्न झाले आणि दोनदा त्याचा थरकाप उडाला. 'क्षुल्लक वादातून' या शब्दांनी सुरू न होणारी खुनाची बातमी वर्षभरात मला क्वचितच सापडली. वाद क्षुल्लक होता की नव्हता याचा निवाडा न्यायालयाआधी शहर पानावरच होतो. गंमत अशी की मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यात भूकंपाचे सौम्य धक्के खरोखरच नोंदले गेले, तीव्रता अडीचच्या आसपास. जमीन प्रत्यक्ष हलली, त्याची बातमी पाचव्या पानावर दोन कॉलमांत होती आणि मथळा होता 'जिल्ह्यात सौम्य धक्के'. पहिल्या पानावर त्या दिवशीही नागपूर हादरलेलेच होते, कारण कोणा गुंडाने आपल्या वाढदिवसाचा केक तलवारीने कापला होता.

गुन्ह्यांच्या बातम्यांत एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. अत्याचारित मुलीची किंवा स्त्रीची ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापणे हा भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ प्रमाणे गुन्हा होता, आणि नव्या संहितेतही तो गुन्हाच आहे. आमचे दैनिक नाव छापत नाही, ते कटाक्षाने बदलते आणि बदलल्याचे कंसात सांगतेही. मग त्याच बातमीत वस्तीचे नाव, वडिलांचा व्यवसाय, मुलीची इयत्ता आणि घरासमोरचे मंदिर येते. एवढ्या तपशिलावर टपाल खात्याने पत्र बिनचूक पोहोचवले असते. असे वर्षात तीनदा झाले. तिन्ही वेळा मी संपादकांना पोस्टकार्ड लिहिले. वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यातले एकही आले नाही, मात्र त्याच काळात मी संत्र्याच्या साठवणुकीवर पाठवलेले पत्र चौकटीत छापले गेले.

डिसेंबरात अधिवेशन भरते. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा सरकार आमच्या गावी येते आणि उपराजधानीला आपण उपराजधानी असल्याची आठवण होते. २०२३ चे अधिवेशन ७ ते २० डिसेंबर असे झाले. आमच्या दैनिकाने त्यासाठी रोज दोन पाने राखून ठेवली होती, आणि त्या दोन पानांत आमदार निवासातले गिझर चालतात की नाही, सावजी रस्सा कोणाच्या डोळ्यांत पाणी आणून गेला, हुरड्याला कोण कोण गेले आणि कोणाच्या जाकिटाचा रंग काय होता, हे सारे सचित्र वाचायला मिळाले. १३ डिसेंबरचा अंक मी पट्टी घेऊन बसून मोजला. खाण्यापिण्याला १९० कॉलम सेंटिमीटर. प्रश्नोत्तराच्या तासाला २२. विदर्भाच्या सिंचनाच्या अनुशेषावर कोणी बोलले असल्यास (आणि बोलले असणार, कारण त्याशिवाय नागपूरचे अधिवेशन होतच नाही) ते या बावीसांत मावले नव्हते. पाटबंधारे विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे लागते, हे मी मान्य करतो आणि परीक्षणातून तेवढे वजा करावे अशी विनंती करतो.

मोर्चांचे वार्तांकन याहून विलक्षण असते. अंगणवाडी सेविकांचा संप त्या दिवसांत सुरू होता. गावोगावच्या बायका रात्रीच्या गाड्यांनी येतात, डबे बांधून आणतात, आणि टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांच्या कठड्यापाशी दुपारभर बसून राहतात. दुसऱ्या दिवशी दैनिकात चार कॉलमी मथळा असतो तो वाहतुकीच्या कोंडीचा आणि त्रस्त नागपूरकरांचा. सोबत पर्यायी रस्त्यांचा नकाशा. (नकाशाला प्रमाण दिलेले नव्हते आणि उत्तर दिशा चुकली होती, पण हे फक्त माझ्यासारख्यालाच खुपणार.) त्या बायकांची मागणी काय होती हे मला बातमीच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात सापडले. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींची जाऊ त्या मोर्चात होती. मावशींनी तो फोटो बराच वेळ निरखून पाहिला आणि विचारले, "यात आमच्या बाया कुठं आहेत, दादा? हे तर नुसत्या गाड्याच दिसून राहिल्या."

त्याच अधिवेशनाच्या अखेरीस, १७ डिसेंबरला, बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. पहिल्या दोन दिवसांचे अंक मी जपून ठेवले आहेत. नऊही जणांची नावे, गावे, मागे राहिलेली माणसे, सगळे काही नीट लिहिले होते आणि लिहिणाऱ्याचा हात कुठेही सुटला नव्हता. तिसऱ्या दिवशी बातमी तिसऱ्या पानावर गेली, पाचव्या दिवशी ती दिसेनाशी झाली. चौकशीचे काय झाले, ते या दैनिकाच्या वर्गणीदाराला या दैनिकातून पुढच्या सहा महिन्यांत कळले नाही. वास्तविक 'पाठपुरावा' नावाचे एक सदर त्यांच्याकडे आहे. फेब्रुवारीत त्या सदरात आमच्याच भागातल्या एका चौकातला खड्डा बुजल्याचे वृत्त तीन कॉलमांत आले, मथळ्यात 'बातमीचा दणका' असे शब्द होते आणि बुजलेल्या खड्ड्यासमोर वार्ताहराचा फोटो. खड्डा मार्चमध्ये पुन्हा पडला. त्याचा पाठपुरावा झाला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस बिल गेट्स यांनी सदर भागातल्या प्रसिद्ध चहावाल्याच्या हातचा चहा घेतला आणि चार दिवस दुसरी बातमी उरली नाही. चहावाल्याचा केशसंभार, त्याचा गॉगल, दूध उंचावरून ओतण्याची त्याची तऱ्हा, यांवर पुरवणीचे अर्धे पान. त्याच्याविषयी माझ्या मनात कौतुकच आहे. माणूस आपल्या धंद्यात वाकबगार आहे. पण ती चित्रफीत हैदराबादला तयार झाली होती आणि चहावाल्याला तिथे बोलावून नेले होते, हे त्याने स्वतःच सांगितल्यावरही आमच्या पुरवणीतल्या चित्रकाराने काढलेल्या चित्रात गेट्स सदरच्या फुटपाथवरच उभे राहिले.

दसरा-दिवाळीच्या काळात पहिले पान सापडणे हे एक वेगळेच काम होते. एका गुरुवारी मी जॅकेट म्हणतात ती जाहिरातींची चार पाने उलटून पाचव्यावर पहिले पान गाठले. जाहिरातींना माझी हरकत नाही, अंकाचा खर्च त्यांच्यावर चालतो आणि सोन्याचा भाव तरी त्यांत खरा असतो. हरकत आहे ती बातमीचे कपडे घालून आलेल्या जाहिरातीला. महापुरानंतर जेमतेम महिन्याभरात शनिवारच्या पुरवणीत एका नव्या वसाहतीविषयी 'निसर्गाच्या कुशीत, नाल्याच्या काठी' असा पाऊण पानी लेख आला. लेखकाचे नाव नाही, 'जाहिरात' हा शब्द नाही, टंक मात्र नेहमीच्या मजकुराहून किंचित बारीक. माझ्या डोळ्यांना टंकातला फरक लगेच कळतो. आमच्या शेजारच्या वहिनींना तो कळला नाही आणि त्यांनी तिथे भूखंड बघायला जायचे ठरवले, नाल्याची पूररेषा कुठपर्यंत येते हे मी त्यांना जुन्या नकाशावर दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "पण पेपरात तर छान लिहिलं आहे."

हाच प्रकार एप्रिलमध्ये मतदानाआधी मोठ्या प्रमाणावर पाहिला. नागपूरसह पूर्व विदर्भातल्या पाच मतदारसंघांत १९ एप्रिलला मतदान होते. त्याआधीच्या आठवड्यात एकाच अंकात, समोरासमोरच्या पानांवर, एकाच मतदारसंघातल्या दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांचा विजय निश्चित झाला होता. एकाच्या बाजूने लाट होती, दुसऱ्याच्या बाजूने झंझावात. दोन्ही मजकुरांत 'अभूतपूर्व प्रतिसाद' हे शब्द चौथ्या ओळीत होते. हे नवे नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखा मजकूर आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते, त्यानंतर प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली, तिने २०१० मध्ये अहवाल दिला, आणि पैशाच्या किंवा वस्तूच्या मोबदल्यात छापलेली बातमी म्हणजे पेड न्यूज, अशी व्याख्याही ठरली. निवडणूक आयोगाच्या जिल्हा पातळीवरच्या समित्या आता असा मजकूर शोधून उमेदवाराच्या खर्चात धरतात. त्यांच्याकडे पट्टी आहे की नाही हे विचारायला हवे. असल्यास त्यांना माझे वर्षभराचे टिपण द्यायला मी तयार आहे.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि तिच्यासोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत हरतऱ्हेच्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. वर्तमानपत्राचा बडग्या मी अजून पाहिलेला नाही. कारण उघड आहे, दुसऱ्या दिवशी फोटो छापून यायचा असतो.

आता छप्पन्न अंशांकडे येतो.

३० मे २०२४ रोजी उत्तर अंबाझरी मार्गाजवळच्या कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित यंत्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. नागपूरकराला मे महिन्यात कोणताही आकडा खरा वाटतो, हे मला ठाऊक आहे. दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर उभ्या असलेल्या माणसाला साठ सांगितले तरी तो मान डोलावील. पण दैनिकाच्या कार्यालयात रात्री दहा वाजता, वातानुकूलित खोलीत, कोणीतरी हा आकडा हातात धरून बसले होते आणि त्याच्या हाती निवड होती. भारतात आजवर नोंदलेले सर्वोच्च तापमान राजस्थानातल्या फलोदीचे, १९ मे २०१६ चे, ५१ अंश. जगातले सर्वोच्च तापमान अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचे, १० जुलै १९१३ चे, ५६.७ अंश. म्हणजे आमच्या त्या हिरव्या शेताने फलोदीला पाच अंशांनी मागे टाकले होते आणि जागतिक विक्रम अवघ्या सात दशांशांनी हुकवला होता, आणि हे करत असताना त्याच शहरातल्या दुसऱ्या काही केंद्रांवरचा पारा त्याच्या दहा-अकरा अंश खाली होता. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवायचा असतो, आणि स्वयंचलित यंत्रात पाऱ्याच्या जागी विद्युत संवेदक असतो. संवेदक बिघडला की तो बिघडल्याचे सांगत नाही, आकडा सांगतो. एकाच गावात, एकाच वेळी, सपाट जमिनीवर दहा अंशांचा फरक पडत नाही, हे समजायला हवामानशास्त्र लागत नाही. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या यंत्राने ५२.९ दाखवले होते आणि त्या आकड्याविषयी शंका जाहीरपणे व्यक्त झाली होती. एक फोन पुरेसा होता, आणि तोही बाहेरगावी करायचा नव्हता. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे.

३१ मेच्या अंकात पहिल्या पानावर, आठपैकी पाच कॉलम व्यापून, ज्वाळांच्या चित्रावर मथळा होता: 'नागपूर @ ५६!' मी मोजले. चित्र धरून १५५ कॉलम सेंटिमीटर. आत संपूर्ण अर्ध्या पानावर उन्हात काय खावे, मुक्या प्राण्यांची काळजी कशी घ्यावी आणि एका ज्योतिषांचे मत. हवामान खात्याने तो आकडा संवेदकातल्या दोषामुळे आल्याचे स्पष्ट केले. बातमीच्या तेराव्या परिच्छेदात 'दरम्यान, तांत्रिक बिघाडाची शक्यताही वर्तवली जात आहे' एवढे वाक्य होते. 'दरम्यान' हा शब्द या दैनिकात खऱ्या माहितीची खूण म्हणून वापरला जातो, हे वर्गणीच्या दहाव्या-अकराव्या महिन्यात माझ्या लक्षात आले. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी बातमी 'दरम्यान'पासून वाचावी.

मी १ जूनला वाट पाहिली. काही नव्हते. २ जूनचा अंक एक्झिट पोलच्या आकड्यांनी भरला होता, जे ४ तारखेच्या दुपारी मतमोजणीपुढे टिकले नाहीत. ३ जूनला मी नेहमीप्रमाणे सातव्या पानावरचे कूपन कापले, प्रवेशिका काढली, आणि डिंक लावण्यासाठी कूपन उलटे केले. मागे, आठव्या पानाच्या तळाशी, 'खुलासा' या शब्दाखाली चार ओळी होत्या. ५६ अंश तापमानाची नोंद यंत्रातील दोषामुळे झाल्याचे हवामान खात्याने कळवले आहे, असे त्यांत होते. दिलगिरी नव्हती, चूक यंत्राची होती, मथळ्याची नव्हती. एक कॉलम रुंद, साडेतीन सेंटिमीटर उंच. १५५ ला साडेतीन.

मी संपादकांना पत्र लिहिले, या वेळी पोस्टकार्ड नव्हे तर नोंदणीकृत. प्रेस कौन्सिलकडे जायचे झाल्यास आधी संपादकांना लिहावे लागते आणि दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते, हे मी वाचून घेतले होते. कौन्सिल तक्रार मान्य झाल्यास ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. आठवड्याने मला दैनिकाच्या ग्राहक सेवा कक्षातून एका मुलीचा फोन आला. अतिशय नम्रपणे तिने माझा वर्गणी क्रमांक विचारला, तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाली, "सर, तापमानाचं मी वर कळवते. तुमची किती कूपनं झाली आहेत?" मी तक्रार पुढे नेली नाही. चौतीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वर कळवणे म्हणजे काय ते समजते.

किमतीचा हिशेब असा. वर्षाची रद्दी ४६ किलो भरली, किलोला १२ रुपये दराने ५५२ रुपये आले, म्हणजे निव्वळ खर्च ६४७. त्यात बुधवारच्या वीजपुरवठा बंदच्या सूचना, पाण्याच्या टाक्यांच्या सफाईचे वेळापत्रक, निधनवार्ता आणि न्यायालयीन बातम्या हे चारही प्रकार वर्षभरात मला एकदाही चुकीचे आढळले नाहीत, आणि केवळ त्यांच्यासाठी ६४७ रुपये जास्त नाहीत. पाचापैकी दोन तारे देतो: एक या चार रकान्यांना, एक सव्वासहाच्या मुलाला. कॅसरोल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाला. निळा, मध्यम आकाराचा, आठ पोळ्यांचा. झाकण एका बाजूने उचललेले राहते, त्यामुळे पोळ्या दुपारपर्यंत ऊब धरत नाहीत.

एका वाचकाने मला ३ जूनच्या खुलाशाची प्रत मागितली होती, ती देता येत नाही, याबद्दल क्षमस्व. एप्रिलमध्ये आम्ही दहा दिवस पुण्याला लेकीकडे गेलो होतो, तेवढ्या काळात अंक बंद ठेवला होता, त्यामुळे माझ्याकडे बरोबर नव्वद कूपने जमली होती आणि त्यातले एकही वगळणे शक्य नव्हते. खुलाशाच्या चारही ओळींवर मी व्यवस्थित डिंक लावला, कूपन चौकटीत नीट बसवले, वरून पट्टी फिरवून सुरकुत्या काढल्या, आणि १ जुलैला प्रवेशिका त्यांच्या कार्यालयातल्या खिडकीवर जमा करून पोच घेतली.